आधी भाड्यानं, मग विक्री, मग खरेदी: नागपुरात मोठं घर सोडून लहान घरात जाताना

दसऱ्याचा मुहूर्त साधून ५ ऑक्टोबर २०२२ ला आम्ही मनीषनगरात दोन बेडरूमच्या फ्लॅटची रजिस्ट्री केली. त्रिमूर्तीनगरचं जुनं घर दोन-तीन महिन्यांत जाईल, असं गृहीत धरलं होतं. बत्तीस वर्षं बँकेत काढलेली बाई मी, दुसऱ्यांना कर्जाचे हप्ते समजावून सांगणारी. घरच्या हिशेबात मात्र एक तारीख विसरले.

ती तारीख अशी. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर नवं घर विक्रीच्या आधी जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घेतलेलं असावं लागतं. आम्ही आधी घेतलं, म्हणून आमच्याकडे एकच वर्ष उरलं. डिसेंबरात एक गिऱ्हाईक ठरलं, ते एप्रिलमध्ये फिरलं. मे महिन्याच्या उन्हात कुणी घर बघायला येत नाही. जुलैत आलेल्याला घर आवडलं, पण तेव्हा अधिक श्रावण लागला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. पुढे २९ सप्टेंबरपासून पितृपक्ष. म्हणजे आमची शेवटची तारीख नेमकी पितृपक्षात पडत होती, आणि पितृपक्षात रजिस्ट्री करायला तो माणूस तयार नव्हता. त्याला आमची घाई दिसली. शेवटी गणपती बसलेले असताना, अंबाझरी तलावाच्या पुरानंतर तीन दिवसांनी, सहा लाख कमी घेऊन आम्ही सही केली.

म्हणून हा क्रम लिहून ठेवते आहे. आमच्यासारखी साठी ओलांडलेली, मुलं पुण्या-बंगळुरूला, खाली चार खोल्या, वर दोन आणि झाडायला मोठं आवार, अशी जोडपी नागपुरात गल्लोगल्ली आहेत.

पहिलं काम: कागद, आणि तेही घर सोडायच्या सहा महिने आधी

ब्रोकरला फोन करण्याआधी फाइल उघडा. नागपुरात जमिनीचा प्रकार कोणता, यावर विक्रीचा वेग ठरतो.

प्लॉट एनआयटीच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, लीजवरचा असेल तर लीजचं नूतनीकरण झालंय का ते बघा. हस्तांतरणाची परवानगी विक्रीआधी लागते. नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी मालकीची, जागा असेल तर तसाच अर्ज महसूल खात्याकडे. खासगी लेआउटमधला प्लॉट असेल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झाल्याचं पत्र, म्हणजे आपण सगळे ज्याला आरएल म्हणतो ते, हातात हवं. नुसती डिमांड भरल्याची पावती पुरत नाही. आमच्याकडे पावती होती, पत्र आणायचं राहून गेलं होतं. बँकेचं कर्ज काढणारं पहिलं गिऱ्हाईक फिरलं त्याचं अर्धं कारण हेच.

बाकीचे कागद: मूळ रजिस्ट्री, सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मंजूर नकाशा, मालमत्ता कराची ताजी पावती, पाण्याचं आणि विजेचं शून्य थकबाकीचं बिल. आखीव पत्रिकेवर अजून वडिलांचं किंवा सासऱ्यांचं नाव असेल, तर फेरफार आधी करून घ्या. भावाबहिणींचं हक्कसोडपत्र करायचं असेल तर तेही आत्ताच, सगळे गोडीत आहेत तोवर. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की प्रत्येक सहीची किंमत वाढते, हे मी बँकेच्या टेबलामागून कितीदा पाहिलं आहे.

सहमालकांपैकी कुणी परदेशात राहत असेल तर सीएला आधीच सांगा. अनिवासी माणसाच्या हिश्शावर खरेदीदारानं पैसे देतानाच कापायचा कर, म्हणजे टीडीएस, वेगळा आणि बराच जास्त असतो. ऐनवेळी हे कळलं की सौदा लटकतो.

दुसरं: गिऱ्हाईक घर घेणार की जमीन, हे ओळखा

लक्ष्मीनगर, बजाजनगर, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर इकडच्या जुन्या घरांना दोन प्रकारची माणसं येतात. एक, राहायला घेणारं कुटुंब. दोन, घर पाडून फ्लॅट स्कीम टाकणारा बिल्डर. बिल्डर रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा दर्शनी भाग मोजतो, तुमच्या किचन ओट्याकडे बघतही नाही. तुमचा प्लॉट रुंद रस्त्यावर असेल तर रंगकामावर एक रुपया घालू नका. आम्ही पंचेचाळीस हजार घातले.

कुटुंबाला विकायचं असेल तर रंगापेक्षा ओल आणि भेगा आधी. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि जुन्या घरांच्या भिंतींना तिरप्या भेगा देते. त्या पुट्टीनं लपवू नका. भेग कधीची आहे, वाढते का, हे विचारल्यावर सरळ सांगा. दोन वर्षांचे फोटो असतील तर तेच दाखवा, भेग जुनी आणि थांबलेली असल्याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

तिसरा मार्गही सुचवला जातो: प्लॉट बिल्डरला द्या, त्याच्याच स्कीममध्ये एक फ्लॅट आणि वर रोख घ्या. पन्नाशीत असाल तर विचार करा. सत्तरीत मी तरी करणार नाही. बांधकाम रखडलं तर वाट बघायला आपल्याकडे वर्षं नसतात, आणि मधल्या काळाचं भाडं करारात पक्कं लिहिलेलं नसेल तर ते मागायला फेऱ्या मारायची ताकदही नसते.

तिसरं: कराचं घड्याळ समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा आहे. तरी एकदा पेन घेऊन वाचा, आमचे सहा लाख इथेच गेले.

घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ मालकीचं असेल तर विक्रीचा नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईचा निर्देशांक न लावता. त्या तारखेच्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला दुसरा पर्यायही आहे: निर्देशांक लावून २० टक्के. दोन्हींपैकी जो कर कमी तो भरायचा. लोकांना वाटतं जुन्या घराला निर्देशांकच फायद्याचा. तसं नेहमी नसतं. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या घराला त्या दिवशीची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. समजा ती ६ लाख आली आणि घर २०२५-२६ मध्ये ९० लाखांना गेलं. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६, म्हणून ६ लाखांचे २२.५६ लाख होतात. नफा ६७.४४ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे साधारण १३.४९ लाख. निर्देशांकाशिवाय नफा ८४ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे १०.५० लाख. इथे साधा हिशेबच स्वस्त पडला. वर सेस वेगळा.

हा कर टाळायचा मार्ग म्हणजे नफ्याची रक्कम दुसऱ्या राहत्या घरात घालणं, जुन्या आयकर कायद्यातलं कलम ५४. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा सीएशी बोलताना क्रमांकापेक्षा मुदतीबद्दल विचारा. मुदती अशा: विक्रीआधी एक वर्ष, नंतर दोन वर्षं, स्वतः बांधणार असाल तर तीन वर्षं. विवरणपत्र भरायच्या तारखेपर्यंत घर घेऊन झालं नसेल तर उरलेली रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायची. हे खातं साध्या बचत खात्यापेक्षा वेगळं असतं, काउंटरवर नाव घेऊन मागा. नवं घर तीन वर्षं विकायचं नाही, नाहीतर दिलेली सूट परत जाते.

लहान घर नफ्यापेक्षा स्वस्त असेल, आणि जागा कमी करताना ते असणारच, तर उरलेल्या नफ्यावर कर लागतो. त्यातले ५० लाखांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सरकारी कंपन्यांच्या ठरावीक बाँडमध्ये घालता येतात, पाच वर्षं अडकतात. नफा दोन कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरं घेण्याची मुभाही आहे. एक तुमच्यासाठी आणि एक मुलासाठी घ्यायचा मोह होईल. घ्या, पण नाव मुलाचं टाकू नका, विकणाऱ्याचंच ठेवा.

नावाचा आणखी एक सापळा आहे. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती वाचवण्यासाठी जुनं घर नवऱ्याच्या नावावर असताना नवं बायकोच्या नावावर घेतलं जातं, आणि मग करसूट कुणाला यावरून वाद होतो. आमचं जुनं घर यांच्या नावावर होतं. एक टक्क्याच्या मोहात मी पडणार होते, आमच्या सीएनी वेळेवर अडवलं.

चौथं: म्हणून आधी भाड्यानं

आता क्रम बघा. आधी लहान घर विकत घेतलं तर घड्याळ तुमच्या विरुद्ध चालतं. आधी विकलं तर दोन वर्षं तुमच्या हातात, पण सामान कुठे ठेवायचं? मधला मार्ग म्हणजे लहान घर भाड्यानं घेणं, जुनं रिकामं करून शांतपणे विकणं, आणि विकल्यावर खरेदी.

भाडं म्हणजे पाण्यात पैसे, असं आपल्याकडे सगळे म्हणतात. आमच्या मनीषनगरच्या इमारतीत तेव्हा १४ हजारांना तसाच फ्लॅट भाड्यानं मिळत होता. अठरा महिन्यांचे झाले २ लाख ५२ हजार. आम्ही घाईत गमावले सहा लाख.

भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं ते बंधनकारक आहे. ऑनलाइन होतो, घरी येऊन अंगठे घेणारे एजंट आहेत. करारातलं लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही ती मुदत, बघा. तुमचं जुनं घर केव्हाही विकलं जाऊ शकतं, म्हणून एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं कलम मागून घ्या. मालक सहसा तीन महिन्यांचं लॉक-इन धरतो, तेवढं मान्य करा.

भाड्याचं घर हीच तुमची परीक्षाही असते. लहान घरात, लिफ्टच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या धावण्याच्या आवाजात आपल्याला राहता येतं का, हे एका उन्हाळ्यात कळतं. आमच्या ओळखीतलं एक जोडपं आठ महिन्यांत परत तळमजल्याचं घर शोधायला लागलं. भाड्याचं होतं म्हणून सुटले.

पाचवं: नागपुरात फ्लॅट बघायचा तो मे महिन्यात, दुपारी चारला

सकाळी अकराला सगळे फ्लॅट हवेशीर वाटतात. पारा ४५ च्या वर असताना चार वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. गच्चीखालचा फ्लॅट स्वस्त मिळतो, तो का ते तेव्हा कळेल. कूलर बसवायला खिडकी आहे का, तिथे पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची सोय आहे का, खाली कुणाच्या डोक्यावर पाणी ठिबकेल का? एसीवर भागवू असं म्हणू नका, वाळ्याच्या टट्ट्यांच्या वासाशिवाय आपल्या पिढीला उन्हाळा वाटत नाही, आणि बिल निवृत्तिवेतनातून भरायचं असतं.

पाण्याचं विचारा, पण ब्रोकरला नको. इमारतीच्या सेक्रेटरीला एप्रिल-मेमधलं टँकरचं बिल मागा. तळमजला घेत असाल तर २३ सप्टेंबर २०२३ च्या अंबाझरीच्या पुरात पार्किंगमध्ये पाणी आलं होतं का, हे चौकीदाराला विचारा, तो खरं सांगतो. लिफ्टला जनरेटर आहे का? मेट्रो स्टेशन पायी जवळ असेल तर गाडी चालवणं सुटल्यावरही बाहेर पडता येतं. वर्धा रोडवर छत्रपती चौक, जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगर ही स्टेशनं त्यामुळे आमच्या वयाच्या लोकांना सोयीची झाली आहेत.

आणि क्षेत्रफळ कार्पेटमध्येच, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं तेवढंच, विचारा.

सहावं: खडू

सामान कमी करण्याबद्दल सगळे भावनेनं बोलतात. मी खडूनं सुरुवात करा म्हणते. नव्या घराच्या खोल्या टेपनं मोजा, लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळणही मोजा. मग जुन्या हॉलच्या फरशीवर खडूनं नव्या बेडरूमची चौकट आखा आणि तिच्यात पलंग, आलमारी, शिलाई मशीन प्रत्यक्ष सरकवून बघा. मावलं नाही की भांडण मिटतं. आमचा सागवानी दिवाण यांना सोडवत नव्हता. खडूच्या रेषेबाहेर तो सव्वा फूट राहिला, तेव्हा स्वतःच म्हणाले, देऊन टाक.

त्याआधी पंधरा दिवस जुन्या घरातल्या दोनच खोल्यांत राहून बघा. बाकी खोल्यांना कडी लावा. बंद खोलीतून जे आणायला जावं लागलं, ते न्यायच्या यादीत. जे आठवलंच नाही, त्याचा निकाल लागला.

विकायचं काय? जुनं सीपी (मध्य प्रांतातलं) सागवान भंगारवाल्याला देऊ नका, सुताराला दाखवा, नव्या लाकडापुढे त्याला मान आहे. पितळेचे गुंड, गंज, परात इतवारीच्या बाजारात वजनावर जातात, पण दोन दुकानांत भाव विचारा आणि वजनकाट्याकडे नजर ठेवा. पुस्तकांसाठी वाचनालयांना फोन करून आधी यादी पाठवा, पोती नेऊन दारात ठेवू नका. पाठ्यपुस्तकं आणि जुने दिवाळी अंक सहसा कुणी घेत नाही.

सज्जावरचं सामान मुलांसमोर उतरवा. पोळ्याला मुलगा आला होता, तेव्हा आम्ही ते केलं. तान्ह्या पोळ्याचा त्याचा लाकडी नंदी, एक शिंग तुटलेला, खोक्यात सापडला. दुसऱ्याच क्षणी त्याचीच आठ वर्षांची क्लासची नोट्सची बंडलं. बाहेर मारबतीच्या, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीला निघालेली पोरं ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत होती. मुलगा हसत म्हणाला, आई, ह्या नोट्सही दे तिच्याबरोबर. त्या रद्दीत गेल्या. नंदी पुण्याला गेला.

मुलांचं सामान मुलांनीच न्यावं, त्यासाठी तारीख द्या. ‘राहू दे, नंतर बघू’ याला लहान घरात जागा नसते.

सातवं: रिकामं घर जिवंत ठेवा

घर रिकामं झालं की ते पटकन म्हातारं होतं. वीज तोडू नका, मोटर आठवड्यातून एकदा चालवा, सगळे नळ सोडा, नाहीतर सांडपाण्याच्या पाइपातून वास येतो आणि गिऱ्हाईक नाक धरून परत जातं. कूलरची टाकी, गच्चीवरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करा, डेंग्यूच्या अळ्या तिथेच होतात. आवारातलं गवत पावसाळ्यात महिन्यातून दोनदा कापा. चौकटींच्या खाली वाळवीची मातीची रेघ दिसते का बघा. एक जुना सोफा, दोन खुर्च्या आणि पडदे राहू द्या, पूर्ण मोकळ्या खोल्या लहान दिसतात.

एक किल्ली शेजाऱ्यांकडे. ‘राखण करायला’ म्हणून ओळखीच्या कुणाला तोंडी राहायला ठेवू नका. ठेवायचंच असेल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करा, मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा कायद्यातला जवळचा रस्ता त्यालाच आहे. घराचा विमा असेल तर रिकाम्या घराबद्दलची अट वाचून कंपनीला लेखी कळवा.

आयकरात दोन घरं स्वतःच्या वापराची धरता येतात, त्यामुळे दुसरं रिकामं असलं म्हणून काल्पनिक भाड्यावर कर लागत नाही. याची उगाच भीती घालणारे पुष्कळ भेटतात.

आठवं: सौदा

दिवाळीनंतर ते अक्षय्य तृतीयेपर्यंत खरं गिऱ्हाईक फिरतं. त्याआधी कागद तयार हवेत. अधिक महिना आणि पितृपक्ष पंचांगात बघून ठेवा, जसा २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. तुमची श्रद्धा असो-नसो, समोरच्याची असते.

बयाणा चेकनं किंवा बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. इसारपत्रात रजिस्ट्रीची शेवटची तारीख, आणि गिऱ्हाईक फिरलं तर बयाण्याचं काय, हे दोन्ही लिहा. आमच्या पहिल्या इसारपत्रात दुसरी ओळ नव्हती, चार महिने घर अडकवून पूर्ण रक्कम परत द्यावी लागली. सरकारी मूल्य दाखवलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर कर सरकारी मूल्यावरच मोजतात, तेव्हा ‘कागदावर कमी लिहू’ला नाही म्हणा. ५० लाख किंवा जास्तीच्या सौद्यात खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तो तुमच्या पॅनवर दिसतोय ना, हे महिन्याभरात तपासा.

गॅस, आधार, मतदार यादी, पेन्शनची बँक, हे पत्ते कायमच्या घरात गेल्यावरच बदला, भाड्याच्या नको. फक्त महत्त्वाची पत्रं येणाऱ्या ठिकाणी फोन नंबर अचूक आहे ना बघा.

ताबा देताना वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे फोटोत टिपा, बोअरवेलच्या मोटरचा कागद आणि सगळ्या किल्ल्या मोजून द्या, सहीची पोच घ्या. दारावरची नावाची पाटी आदल्या दिवशीच काढा, त्या दिवशी स्क्रू फिरवायला हात धजत नाही. बंगईची, म्हणजे झोपाळ्याची, फळी नि साखळ्या न्यायच्या असतील तर न्या, पण स्लॅबमधल्या कड्यांच्या नादी लागू नका. ओतकामात बसलेल्या असतात, ठोकाठोकीत छताचं प्लास्टर पडतं. आमच्या तिथेच आहेत. नव्या मालकाच्या नातवाला झोका बांधायला त्याच कामी आल्या, असं शेजारच्या वहिनी सांगत होत्या.